नव्या शहरात नळाचे पाणी पिण्याआधी: पारख, चाचणी आणि उपाय

नव्या शहरात राहायला आल्यावर आपण शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारतो, "इथलं पाणी कसं आहे?" मिळणारे उत्तर बहुतेक वेळा चवीविषयी असते: पाणी गोड आहे, जड आहे, औषधाचा वास येतो. सांगणारा मनापासून सांगत असतो, तरीही त्या उत्तरावर विसंबून लहान मुलाच्या हाती पेला देऊ नये. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली. तेथील ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचे पाणी अनेकांना चवीला आवडत असे. दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा तर ते आवडते म्हणून मुद्दाम मागवून घेत असे. हॅम्पस्टेडमध्ये साथ नव्हती, पण ती बाई त्या पाण्याने दगावली, आणि पटकी पाण्यातून पसरते हे डॉ. जॉन स्नो यांचे म्हणणे सिद्ध करणाऱ्या पुराव्यांत तिच्या मृत्यूची नोंद महत्त्वाची ठरली.

तेव्हा "पाणी चांगले आहे का" या एका प्रश्नाचे तीन प्रश्न करावेत. पाण्यात रोगजंतू आहेत का, हा पहिला. त्यांचा परिणाम काही तासांत, दिवसांत किंवा फार तर काही आठवड्यांत दिसतो. शिसे, आर्सेनिक, फ्लोराइड किंवा नायट्रेट घातक प्रमाणात विरघळलेले आहे का, हा दुसरा. यांतील बहुतेकांचा अपाय वर्षानुवर्षे पाणी पिण्याने होतो. चव, वास, रंग आणि क्षार यांचा प्रश्न तिसरा, आणि तो त्रासाचा असला तरी सहसा धोक्याचा नसतो. लोक मात्र बहुधा उलट्या क्रमाने काळजी करतात: भांड्यांवर पांढरे डाग पडतात म्हणून यंत्र बसवले जाते आणि इमारतीच्या टाकीचे झाकण वर्षभर उघडेच राहते.

पहिली पायरी: उगम आणि अहवाल

शहराला पाणी नदी, तलाव किंवा धरणातून मिळते, की जमिनीखालून उपसले जाते, हे आधी माहीत करून घ्यावे. उघड्यावरच्या पाण्यात माती आणि जंतू अधिक असतात. म्हणून शुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखे रसायन घालून गाळ खाली बसवतात, वरचे पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. भूजल दिसायला नितळ असते, पण खडकांतून आलेले आर्सेनिक किंवा फ्लोराइड आणि शेतांतून झिरपलेले नायट्रेट त्यात असू शकते. आपल्या भागाला दोन्हीकडून पाणी मिळत असेल आणि ऋतूप्रमाणे त्यांचे प्रमाण बदलत असेल, तर पाण्याची चवही वर्षातून एक-दोनदा बदलेल. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

पाणीपुरवठा करणारी यंत्रणा गुणवत्तेचा अहवाल प्रसिद्ध करत असेल तर तो मिळवावा, आणि प्रसिद्ध होत नसेल तर लेखी मागावा. प्रत्येक देशाची मानके थोडी वेगळी असली, तरी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्ये पडताळणीसाठी सोयीची आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू मुळीच आढळता कामा नये. आर्सेनिक आणि शिसे प्रत्येकी लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आत, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅमच्या आत असावे. गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. क्लोरीनचे काम नीट व्हायचे असेल तर तो १ एनटीयूपेक्षा कमी असलेला बरा, कारण मातीच्या कणांच्या आडोशाने जंतू क्लोरीनपासून वाचतात. डोळ्यांना गढूळपणा साधारण ४ एनटीयूच्या पुढेच जाणवतो, म्हणजे पेल्यात स्वच्छ दिसणारे पाणीही या कसोटीत नापास होऊ शकते.

अहवालातील सरासरीवर थांबू नये. नमुने केंद्राच्या तोंडाशी घेतले आहेत की ग्राहकांच्या नळांवर, वर्षभरात किती नमुने नापास झाले आणि ते कोणत्या भागातले व कोणत्या महिन्यातले होते, हे पाहावे. केंद्रातून बाहेर पडताना पाणी उत्तम असणे ही चांगली सुरुवात आहे, पण ते आपल्या पेल्यात येईपर्यंत अनेक किलोमीटरचा प्रवास बाकी असतो. नवख्या माणसाने आपले बहुतेक लक्ष या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यावर द्यावे असे माझे मत आहे, कारण तो टप्पा पुष्कळसा आपल्या हातातला असतो.

दुसरी पायरी: रस्त्यापासून तोटीपर्यंतची वाट

आपल्या घरी पाणी चोवीस तास येते, की ठरावीक वेळी सुटते? या एका गोष्टीवर पुष्कळ काही अवलंबून आहे. वाहिनीत सतत दाब असेल तर फटीतून पाणी बाहेर गळते, बाहेरचे आत येत नाही. पुरवठा बंद झाला की दाब उतरतो आणि त्याच फटींतून आजूबाजूच्या ओल्या मातीतले पाणी आत ओढले जाते; शेजारून सांडपाण्याची वाहिनी जात असेल तर तेही. म्हणून ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्याचा पहिला लोट सर्वांत वाईट असतो. तो पिण्यासाठी भरू नये. पाणी स्वच्छ होऊन काही मिनिटे वाहिल्यावरच पिण्याचे भांडे लावावे, आणि आधीचे पाणी बादलीत धरून धुण्यापुसण्याला वापरावे. वाहिनीला थेट पंप जोडून पाणी खेचणे तर मुळीच करू नये, कारण त्यामुळे वाहिनीत मुद्दाम पोकळी तयार होते आणि आपल्याबरोबर शेजाऱ्यांच्या नळातही घाण येते.

त्यानंतर इमारतीची टाकी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. व्यवस्थापकाने "नुकतीच धुतली आहे" असे सांगितले तरी पाहावी. झाकण घट्ट बसते का, ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी आहे का, तळाशी गाळ किती आहे, भिंतींना बुळबुळीत थर आहे का, आणि जमिनीखालची टाकी असेल तर तिच्याजवळून सांडपाण्याची नळी किंवा शोषखड्डा जातो का, एवढे पाहायला दहा मिनिटे पुरतात. टाकी धुतल्यानंतर ती निर्जंतुक करण्यासाठी ५ टक्के क्लोरीनचे घरगुती ब्लीच दर १००० लिटर पाण्यामागे १ लिटर घालतात, म्हणजे क्लोरीनचे प्रमाण लिटरला ५० मिलिग्रॅम होते. ते पाणी चोवीस तास ठेवून पूर्णपणे काढून टाकतात आणि त्याचा थेंबही पिण्यात येऊ देत नाहीत. ब्लीचमध्ये आम्लयुक्त साफसफाईचे द्रव कधीही मिसळू नयेत, कारण त्यातून विषारी वायू निघतो; बंदिस्त टाकीत एकट्याने उतरणे जिवावर बेतू शकते.

तिसरी पायरी: काचेचा पेला

थंड पाण्याची तोटी सोडून एक स्वच्छ, बिनरंगी काचेचा पेला भरावा आणि पांढऱ्या कागदासमोर धरावा. पाणी दुधाळ दिसले तर लगेच ओतून न देता पेला टेबलावर ठेवून दोन मिनिटे पाहत राहावे. दुधाळपणा तळाकडून वर निवळत गेला, तर ते हवेचे बारीक बुडबुडे आहेत. दाबाखाली विरघळलेली हवा मोकळी होते एवढेच, आणि ते पाणी निर्धोक आहे. तसे न निवळता तळाशी कण बसू लागले तर ती माती, गंज किंवा चुना समजावा. तांबूस किंवा पिवळट रंग लोखंडी नळाच्या गंजाचा असतो, काळपट कण मँगनीजचे किंवा झिजलेल्या रबरी वायसरचे असू शकतात, आणि बेसिनवरचा निळसर-हिरवा डाग तांब्याचा नळ झिजत असल्याचे सांगतो.

वासाचेही असेच. क्लोरीनचा सौम्य वास हे निर्जंतुकीकरण चालू असल्याचे लक्षण आहे आणि त्याला मी दोष मानत नाही. पाणी उघड्या भांड्यात काही तास ठेवले की तो बराच उतरतो. मातीचा किंवा बुरशीसारखा वास बहुधा तलावातील शेवाळ आणि सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. तो अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतो, पण अपायकारक नसतो. सडक्या अंड्यासारखा वास आल्यास तो फक्त बेसिनमधून येतो का, हे पेला दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगावे. पुष्कळदा दोष बेसिनच्या मोरीचा असतो. सांडपाण्याचा, पेट्रोलचा किंवा रंगाच्या थिनरचा वास आला तर मात्र पुढे काही न तपासता पाणी पिणे थांबवावे आणि यंत्रणेला कळवावे. इंधनाचा वास उकळूनही सुरक्षित होत नाही.

चौथी पायरी: उर्वरित क्लोरीन

घरच्या घरी करण्याजोगी एकच चाचणी निवडायची असेल तर मी ही निवडेन. केंद्रात दिलेल्या क्लोरीनपैकी थोडा भाग जंतू मारून झाल्यावरही पाण्यात शिल्लक ठेवतात, म्हणजे वाटेत काही शिरले तर त्याचा बंदोबस्त होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ग्राहकाच्या नळावर हा शिलकी क्लोरीन लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि आरोग्याच्या दृष्टीने वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. शिल्लक शून्यावर आली असेल, तर वाटेत क्लोरीन खाणारे काहीतरी पाण्याला भेटले आहे किंवा पाणी फार काळ साठून राहिले आहे, असे समजावे.

चाचणीसाठी डीपीडी नावाच्या गोळीचा संच मिळतो. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यावे, बोट न लावता गोळी टाकून ती विरघळवावी आणि लगेच, साधारण मिनिटभरात, गुलाबी रंग शेजारच्या पट्टीशी ताडून पाहावा. उशीर केला तर रंग गडद होत जाऊन आकडा फुगतो. काही शहरे क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात. तिथे मुक्त क्लोरीन जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे एकूण क्लोरीनची गोळी वापरावी लागते. अहवाल वाचताना ही नोंद करून ठेवावी.

या चाचणीचा खरा उपयोग तुलनेत आहे. मी एका नव्या घरात राहायला गेलो तेव्हा आधी मीटरजवळच्या, म्हणजे रस्त्यावरून थेट येणाऱ्या नळाचे पाणी तपासले. गोळी विरघळताच नळी स्वच्छ गुलाबी झाली. मग स्वयंपाकघरातल्या तोटीचे घेतले. गोळी विरघळली, पण पाणी पांढऱ्या कागदावर धरूनही बिनरंगीच राहिले. पाणी बघायला आणि प्यायला दोन्हीकडे सारखेच होते. वर जाऊन टाकी पाहिली, तर झाकणाला तडा गेलेला होता आणि त्यातून पडलेल्या पानांचा तळाशी काळा चिखल झाला होता. टाकी धुऊन झाकण बदलल्यावर दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातही गुलाबी रंग आला. दोष शहराच्या पाण्यात नव्हता, हे त्या दोन नळ्या शेजारी धरल्या नसत्या तर मला कळले नसते.

क्लोरीन असला म्हणजे सर्व जंतू मेले असेही नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवामुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. या परजीवाच्या कवचापुढे नेहमीच्या प्रमाणातील क्लोरीनचे काही चालत नाही, केंद्रात त्याला गाळणीने अडवावे लागते. म्हणून पाणी अचानक गढूळ झाले, तर क्लोरीनचा वास येत असूनही उकळून प्यावे, विशेषतः घरात तान्हे मूल, गरोदर स्त्री, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले कोणी असेल तर.

पाचवी पायरी: नळ कशाचे आहेत

शिसे बहुतेक वेळा केंद्रातून येत नाही. ते जुन्या नळांतून, जोडांवरच्या डागकामातून आणि पितळी तोट्यांतून उतरते. २०१४ मध्ये अमेरिकेतील फ्लिंट शहराने पाण्याचा उगम बदलला आणि नळांची झीज रोखणारे रसायन वापरले नाही; त्या पाण्याने जुन्या नळांतले शिसे सुटून घराघरांत पोहोचले. शिसे रंगाने, चवीने किंवा वासाने कळत नाही, आणि मुलांसाठी त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानले जात नाही.

घरात येणारी मुख्य नळी शोधावी आणि चावीने हलकेच खरवडावी. मंद करडी नळी खरवडल्यावर चंदेरी चमकली, मऊ लागली आणि तिला लोहचुंबक चिकटला नाही, तर ती शिशाची असण्याची दाट शक्यता आहे. चुंबक चिकटला तर ती लोखंडी किंवा जस्ताचा मुलामा दिलेली. खरवडलेली जागा तांबूस असेल तर तांब्याची.

शिशाची शंका असेल तर नळी बदलेपर्यंत काही सवयी लावून घ्याव्यात. रात्रभर किंवा सहा तासांहून अधिक काळ नळात साचलेले पाणी पिऊ नये. तोटी सोडून पाणी हाताला चांगले गार लागेपर्यंत वाहू द्यावे आणि मगच भरावे. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि बाळाच्या दुधासाठी गरम पाण्याच्या तोटीचे पाणी कधीही घेऊ नये, कारण गरम पाण्यात शिसे अधिक उतरते. तोटीच्या तोंडाची जाळी महिन्यातून एकदा काढून झटकावी. तिच्यात अडकलेल्या कणांतही शिसे असू शकते.

सहावी पायरी: प्रयोगशाळा

पुढील प्रसंगी पाणी प्रयोगशाळेत द्यावे: इमारत जुनी असेल, पाणी भूजलाचे असेल, घरात तान्हे मूल येणार असेल, किंवा कुटुंबात पोटाचे विकार वारंवार होत असतील. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. ती निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे रसायन घातलेले असते, म्हणून ती विसळू नये. तोटीची जाळी काढून, तोंड पुसून, पाणी काही मिनिटे वाहू देऊन नमुना घ्यावा आणि गार ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. शिशासाठी कृती नेमकी उलट आहे: रात्रभर नळ न वापरता सकाळचे पहिलेच पाणी धरावे. दोन्ही तपासण्यांना एकच बाटली देऊ नये.

टीडीएस मीटरविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण यंत्र विकणारे हेच उपकरण पेल्यात बुडवून दाखवतात. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. लिटरला ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चवीला साधारणपणे चांगले मानले जाते आणि १००० च्या पुढे ते पिववत नाही, एवढेच त्यातून समजते. जंतू त्याला दिसतच नाहीत. शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि मीटरचा काटा बहुधा १ मिलिग्रॅमच्या पायरीने हलतो. म्हणजे मर्यादेच्या पन्नास पट शिसे असले तरी त्या आकड्यात फरक पडणार नाही. कमी आकडा म्हणजे शुद्ध पाणी, हा समज सोडून द्यावा.

सातवी पायरी: उपाय निवडणे

उपाय निदानानंतर निवडावा, आधी नव्हे. भीती जंतूंची असेल तर उकळणे सर्वांत भरवशाचे आहे: पाण्याला खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून उंच ठिकाणी ३ मिनिटे उकळावे, मग झाकून गार होऊ द्यावे. उकळण्याने शिसे, आर्सेनिक किंवा नायट्रेट जात नाही. वाफ उडाल्याने त्यांचे प्रमाण उलट किंचित वाढते. उकळणे शक्य नसेल, तर गाळून घेतलेल्या स्वच्छ पाण्यात बिनसुगंधी घरगुती ब्लीचचे लिटरला २ थेंब घालून ते ३० मिनिटे ठेवावे. अखेरीस क्लोरीनचा हलका वास यायला हवा.

अतिनील किरणांचे यंत्र जंतू मारते, पण पाणी गढूळ असेल तर किरण आतपर्यंत पोहोचत नाहीत, आणि यंत्रातून बाहेर पडल्यावर पाण्याला कसलेही संरक्षण उरत नाही. सक्रिय कोळशाची गाळणी क्लोरीन, वास आणि काही सेंद्रिय द्रव्ये काढते. शिसे काढण्यासाठी प्रमाणित केलेली गाळणी वेगळी असते, ते वेष्टनावर पाहून घ्यावे. आरओ यंत्र क्षार, आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट आणि शिसे काढते, पण त्यासाठी बरेच पाणी वाया जाते. गोड्या पाण्याच्या शहरात ते केवळ सवयीने बसवणे मला पटत नाही. कोणतेही यंत्र घेतले तरी त्याची गाळणी मुदतीत बदलावी लागते. मुदत संपलेल्या कोळशात क्लोरीन नसलेले, ओलसर आणि अन्नाने भरलेले वातावरण असते आणि जंतूंना तेच हवे असते.

आठवी पायरी: सूचना आणि सुट्ट्या

शहराच्या पाणीविषयक सूचना कुठे मिळतात हे शोधून त्यांची नोंदणी पहिल्याच आठवड्यात करावी आणि दोन सूचनांमधला फरक समजून घ्यावा. "पाणी उकळून प्या" या सूचनेत जंतूंची शंका असते. तेव्हा पिण्याबरोबरच दात घासणे, फळे धुणे आणि बर्फ करणे यांसाठीही उकळलेले पाणी वापरावे. "पाणी पिऊ नका" या सूचनेत रसायनाची शंका असते आणि तेव्हा उकळणे निरुपयोगी ठरते. कॅनडातील वॉकर्टन गावात मे २००० मध्ये मुसळधार पावसानंतर शेणखताचे पाणी विहिरीत उतरले, क्लोरीनची रोजची मोजणी नीट झाली नाही आणि लोकांना सूचना मिळायला उशीर झाला. ७ जण दगावले आणि २००० हून अधिक आजारी पडले. म्हणून मोठ्या पावसानंतर किंवा रस्ता खणल्यानंतर पाण्याचा रंग बदलला, तर सूचनेची वाट न पाहता दोन-तीन दिवस पाणी उकळावे आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

घर आठवडाभराहून जास्त बंद राहिले असेल तर परतल्यावर सगळ्या तोट्या एकेक करून काही मिनिटे सोडाव्यात. शॉवर सोडताना तुषार नाकातोंडात जाऊ नयेत म्हणून त्याचे तोंड बादलीत धरावे आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला हा फुप्फुसांना अपाय करणारा जंतू वाढतो. गरम पाण्याच्या टाकीचे तापमान ६० अंश सेल्सिअस ठेवले तर त्याची वाढ होत नाही. घरात लहान मुले असतील तर भाजू नये म्हणून तोटीपाशी गार पाणी मिसळण्याची सोय करावी. एवढे झाल्यावर डीपीडीची एक गोळी टाकून पाहावी, आणि गुलाबी रंग आला की पिण्याचे भांडे भरावे.